जून ऐंशीत आत्या का थांबली

पुणे,
९ नोव्हेंबर २०२३

प्रिय आवडी,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होतो, पण गेल्या खेपेला आत्याशी वीस मिनिटं बोललो आणि ती प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणाली. पाय दुखतात का, हो. पाय बरे आहेत का, हो. मग तूच म्हणालीस की तिला फोनवरचं ऐकू येत नाही, कानाशी बसून वाचलेलं मात्र सगळं कळतं. म्हणून हा कागद. तो तिला वाचून दाखव आणि ती जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून पाठव.

माझ्या निवडक लेखांचं पुस्तक निघतंय. त्यातला पहिला लेख 'कर्जतच्या चौदा तांदूळवाल्या'. मुंबईत परवान्याशिवाय तांदूळ न्यायला बंदी होती, त्या काळात लुगड्याखाली पोटाला पिशव्या बांधून तांदूळ नेणाऱ्या तुमच्याकडच्या चौदा बायका, आणि त्यात पहिली आपली आत्या. गावात तांदूळ स्वस्त, मुंबईत महाग. मधला फरक मोठा होता तोवर त्या जात राहिल्या, आणि जून १९८० मध्ये फरक आटला तशा सगळ्या एकदम थांबल्या. त्यांना सरकारनं थांबवलं नाही, पोलिसांनी नाही, बाजारभावानं थांबवलं. मी एवढंच म्हटलं होतं. त्यावर पीएच.डी. झाली, अधिव्याख्यात्याचा प्राध्यापक झालो, आणि 'बाजार मोकळा सोडा' हे चाळीस वर्षं भरल्या सभेत सांगायचा धीरही तिथूनच आला.

आता घोटाळा असा झालाय. पुस्तकाचं काम बघायला हर्षला म्हणून एक मुलगी आहे, आपल्या शेलूची. चोरट्या तांदळाचा भाव सरकारदरबारी कुठे टिपलेला नसतो, म्हणून तेव्हा मी बायकांच्या सांगण्यावरच विसंबलो होतो. या पोरीनं दादरच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरून त्या वर्षांतले भाव मिळवले आणि मला म्हणते, "सर, जून ऐंशीत फरक आटला नव्हता. उलट वाढला होता. मग या थांबल्या कशाला?"

ऐन फायद्याच्या दिवसांत चौदा बायका धंदा सोडून घरी बसतात, हे माझ्या शास्त्रात बसत नाही. ३१ जानेवारीला पुस्तक छपाईला जायचंय. तोवर आत्याला एवढंच विचार : तू जून ऐंशीत का थांबलीस?

तुझा,
सहदेव

*

कळंब,
२० नोव्हेंबर २०२३

सहदेवदादास आवडीचा नमस्कार.

तुझं पाकीट आमच्या नवीनच्या हाती पडलं. इथं हातानं लिहिलेलं पाकीट आलं की लोक आधी घरातला सातबारा शोधतात. माझा लेकही तसाच. त्याला वाटलं आपल्या तुकड्यावर कुणीतरी हक्क सांगितला. उघडलं तर तुझे तांदूळ. बाकी इकडं ठीक आहे. मळणी उरकली, पण माणसं मिळता मिळेनात. रिसॉर्टवाले गवत कापायला आमच्या दुप्पट मजुरी देतात. हाच का तुझा मोकळा बाजार? असला तर तो एकदा आमच्या खळ्यावर येऊन बघून जा.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "गुडघं धरलं व्हतं माझं. म्हनून थांबले. तेवढं लिव त्याला." म्हणून लिहिलं.

मी म्हणते, चाळीस वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरायचं? हर्षलाला सांग, गुडघे धरले होते. पोरीबाळींना गुडघ्याचं काय कळतंय. तुझं पुस्तक चांगलं निघू दे, आम्हाला एक प्रत पाठव. तू पाठवलेली आधीची दोन कपाटात आहेत, धूळ मी स्वतः झटकते.

आई रोज विचारते, त्याचं काय ठरलं. तिला वाटतंय तुला कुणीतरी धारेवर धरलंय.

तुझी,
आवडी

*

पुणे,
२ डिसेंबर २०२३

प्रिय आवडी,

गुडघे? अगं, आत्यानं नव्वद सालापर्यंत डोक्यावरून लाकडं आणली आहेत, मी स्वतः बघितलंय. आणि तिचे गुडघे धरले असं धरून चालू, पण चौदाजणींचे अठ्ठावीस गुडघे एकाच महिन्यात धरले का? हर्षलाला मी हे सांगितलं तर ती नुसती माझ्याकडं बघत राहील. हल्ली ती फार बघत राहते.

तू म्हणतेस उकरू नको. मी उकरत नाहीये, जमीनच पायाखालून सरकतेय. तुला एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. माझ्या विषयातली निम्मी मंडळी मला गेली तीस वर्षं गरिबांचा शत्रू म्हणत आली. रेशन नको, हमीभाव नको, अनुदान नको म्हणणारा माणूस. एकदा विद्यार्थ्यांनी माझ्या तासाला पाठ फिरवून बसण्याचं आंदोलन केलं होतं. त्या सगळ्यांना माझं उत्तर एकच असायचं : मी पुस्तकातून बोलत नाही, मी खेड्यातल्या चौदा निरक्षर बायकांकडून शिकलोय. एक नाही, दोन नाही, चौदाच्या चौदा एकच कारण सांगतात, एकाच शब्दांत. असा एकमुखी पुरावा आमच्याकडं कुणाला मिळत नाही गं. परीक्षकानं मुद्दाम तेवढ्यासाठी माझं कौतुक केलं होतं.

आणि मी नीट विचारलं होतं. एक्क्याऐंशीच्या दिवाळीत, तुमच्याच ओटीवर. छापील प्रश्न होते, तू चहा करत होतीस. तुला आठवत असेल. माझ्या हातून तेव्हा कुठं चूक झाली असेल तर सांग. व्यापाऱ्याचे कागद खोटे आहेत की मीच वेडा आहे, हेच मला कळेनासं झालंय.

सहदेव

*

कळंब,
१५ डिसेंबर २०२३

सहदेवदादा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आज लिहून संपवते आणि नवीनच्या हाती लगेच देते, म्हणजे परत फाडता यायचं नाही.

चूक तुझी झाली नाही. म्हणजे थोडी झाली. त्या दिवाळीत तू पहिल्यांदा आईला विचारलंस ते आठव. तू असं नाही विचारलंस की का थांबलीस. तू म्हणालास, "आत्या, भाव उतरला म्हणूनच थांबलीस ना?" आई म्हणते तुझं तोंड असं झालं होतं की नाय म्हनवंना. मग ती हो म्हणाली आणि तू इतका खूष झालास की उठून तिच्या पाया पडलास. वर म्हणालास, एकूण पंधरा बायका पाहिजेत, आणि सगळ्यांचं असंच निघालं तर माझं काम झालं, नाहीतर सगळं अडेल.

झालं. दुसऱ्या दिवशी आई वाडीवाडीत फिरली. मी बरोबर होते, लपवत नाही. प्रत्येकीच्या दारात आई एकच बोलली : "आमच्या सहदेवची परीक्षा हाय. तो इचारील. भाव उतरला म्हनून आमी जायचं सोडलं, ऐंशीच्या जूनात, असं सांगा. दुसरं काय बी बोलू नका." तुझे ते छापील कागद म्हणजे परीक्षेचा पेपरच, असं तिला वाटत होतं. तिच्या हिशेबी तिनं तुला कॉपी पुरवली. बायकाही शहाण्या, कुणीच ओळ चुकवली नाही.

आता निघालंच आहे तर उरलेलंही ऐक. तू पंधरा मागितल्यास, आईला धरून चौदा जमल्या, आणि त्यातल्या दोघींनी जन्मात तांदूळ नेला नव्हता. अंबाबाईला तर गाडीची भीती वाटायची. तिला नुसती संख्या भरायला बसवली होती. बाकीच्या बहुतेक तेव्हाही जातच होत्या. चिमाकाकू तर त्या दिवशी दुपारच्या गाडीला निघाली होती, वाटेत तुझ्याकडं थांबली. पोटाला पिशव्या बांधलेल्या, वरून पदर, आणि तुला सांगते, "धंदा सोडून वरीस झालं बाबा." तू तिला पाटावर बस म्हणालास तर तिला वाकता येईना. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. पुढं तू लेखात लिहिलंस की या धंद्यामुळं बायकांची प्रकृती सुधारलेली दिसते. ते वाचून मी पुन्हा हसले, पण तेव्हा थोडी भीतीही वाटली.

तेव्हा वाटलं होतं, एवढीशी गोष्ट आहे, पोरगा पास होईल आणि विसरेल. तू त्याच्यावर घर बांधशील हे कुणाला ठाऊक होतं? चिडणार असशील तर माझ्यावर चीड. आईला काही लिहू नकोस.

आवडी

*

कळंब,
१० जानेवारी २०२४

सहदेवदादा,

सव्वीस दिवस झाले. तू ना पत्र पाठवलंस ना फोन उचललास. चिडला असशील तर चिडल्याचं तरी कळव. आई रोज विचारते, "निकाल लागला का?" मी म्हणते अजून नाही. ती म्हणते, "लय दिवस लावत्यात." अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, तिला नातवंडांचे निकाल आठवत नाहीत, तुझ्या निकालाची मात्र पाठ सोडत नाही.

तुझी हर्षला येऊन गेली. तू पाठवलीस की आपणहून आली ते तिनं सांगितलं नाही. मला वाटलं होतं चष्मेवाली, तोऱ्याची पोरगी असेल. तर ती आली आणि आईच्या शेजारी बसून वाल सोलायला लागली. अर्धा तास काही विचारलंच नाही. मग सहज म्हणाली, "आजी, तांदूळ कुणाला विकायचात?"

आई म्हणाली, "इकायचा कशाला? मोतीबाईला द्यायची."

"कोण मोतीबाई?"

"परळची. खानावळवाली. दर बेस्तरवारी तीन पायल्या."

"मग ती पैसे द्यायची?"

आई तिच्याकडं बघतच राहिली. "पैसं कशाचं?" म्हणाली. माझ्याकडं बघितलं, वालाची टोपली उचलली आणि आत गेली. हर्षला जाताना आईच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "सरांना तुम्हीच लिहा, मला जमणार नाही."

काय लिहू? मला स्वतःलाच काही उमगत नाही. इतकी वर्षं मीही समजत होते की आई इतर बायकांसारखी दोन पैसे सुटतात म्हणून जाते. घरी कधी पैसे आलेले दिसले नाहीत, पण घरात पोरींना कोण काय दाखवतं? कल्याणला पोलिसांनी तिला दोनदा धरलं. एकदा तर दोन दिवस आली नाही आणि आल्यावर म्हणाली मावशीकडं राहिले होते. विकायचं नव्हतं तर एवढं कशासाठी? आणि मोतीबाई म्हणजे तू जिच्याकडं जेवायचास तीच का? असली तर तुला काही माहीत असेल. तेवढं कळव.

आवडी

*

पुणे,
२२ जानेवारी २०२४

प्रिय आवडी,

तीच. परळची मोतीबाई ती एकच.

तुझ्या आधीच्या पत्रावर मी चिडलो होतो हे खरं. चिडून तुला तीन पत्रं लिहिली आणि ठेवून दिली. हे आलं आणि ती टाकून दिली.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. आत्यानं मला चौक गावाहून कळंबला आणलं, मॅट्रिक केलं आणि चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये मुंबईला कॉलेजात पाठवलं. राहायला ओळखीच्यांची खोली होती, जेवायला मोतीबाईची खाणावळ. पहिल्या दिवशी मी विचारलं, महिन्याचे किती? ती म्हणाली, "माझ्या दोन पोरांना गणित शिकव, झालं." तिच्याकडं सहा वर्षं दोन्ही वेळ जेवलो. एक पैसा दिला नाही.

आवडे, ही गोष्ट मी चाळीस वर्षं दर जूनमध्ये पहिल्या तासाला मुलांना सांगत आलोय. मी गणित दिलं, तिनं जेवण दिलं, दोघांचाही फायदा झाला, कुणी कुणावर उपकार केले नाहीत. मुलांनो, याला म्हणतात मोकळा व्यवहार. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

ती पोरं आठवड्यातून एकदा बसायची. थोरला दुसऱ्या वर्षी शाळा सोडून पळाला. धाकट्याला अपूर्णांक शेवटपर्यंत आले नाहीत. एवढ्यावर सहा वर्षं दोन वेळचं जेवण कोण देतं, हा प्रश्न मला, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला, एकदाही पडला नाही. गुरुवारी मला कॉलेजात संध्याकाळपर्यंत तास असायचे, ते आत्याला माहीत होतं. तिचा तांदळाचा बेस्तरवार तो हाच.

आणि जून ऐंशी. काल मी माझी नेमणुकीची ऑर्डर काढून बघितली. अधिव्याख्याता, रुजू होण्याची तारीख १६ जून १९८०. मला पगार सुरू झाला. म्हणून ती थांबली. मी तिच्यासमोर बसून तिला विचारत होतो की भाव उतरला म्हणून थांबलीस ना, आणि ती मी पास व्हावा म्हणून हो म्हणाली.

मी लेख पुस्तकातून काढतोय. त्या जागी दोन पानांची टीप देणार आहे, जे झालं ते सगळं लिहून. प्रकाशक म्हणतो, कशाला, चाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही ते आता कोण बघतंय? जुने विरोधक काय म्हणतील ते मला आजच ऐकू येतंय. ज्याला अनुदान चालत नव्हतं तो स्वतः सहा वर्षं कशावर जगला, असं म्हणतील.

मी अजून तोच माणूस आहे का ते मला सांगता येत नाही. बंदी नसती तर आत्याला पोटाला पिशव्या बांधाव्या लागल्या नसत्या, कल्याणला कोठडीत बसावं लागलं नसतं, म्हणजे मी म्हणत होतो त्यात खरं आहेच. पण ती भावासाठी जात नव्हती. मग कशासाठी जात होती, हे ठाऊक असूनही मला माझ्या विषयाच्या भाषेत मांडता येत नाही. सकाळपासून चार वेळा टीप लिहायला बसलो. दर वेळी पहिल्याच वाक्यात 'आत्या' असा शब्द येतो आणि पुढं सुचत नाही.

मला रडू येतंय, ते तिला सांगू नकोस. बाकी सगळं वाच. मोतीबाईचं वाच, लेख मी मागे घेतला हेही वाच. तिनं विचारलं तर सांग, मला कुणी भाग पाडलं नाही, मी आपणहून केलं. आता तिच्यापासून काही लपवायचं नाही.

सहदेव

*

कळंब,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय सहदेवदादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी आईचं अंग जरा कसकसत होतं, म्हणून दोन दिवस थांबले. मग सकाळी तिला उन्हात बसवलं आणि वाचायला घेतलं.

मोतीबाईचं सगळं वाचलं. गणिताचं ऐकून ती हसली. म्हणाली, "त्या पोरांस्नी काय बी येत नव्हतं. मोतीबाईच बोलली, पोरगा मानी हाय, फुकाट जेवायचा नाय, तर गनिताचं सांगते त्याला." म्हणजे ते दोघींनी मिळून ठरवलं होतं. मग तिनं विचारलं, "त्याला कसं कळलं?" मी म्हटलं, तूच सांगितलंस त्या मुलीला. तर स्वतःवरच चिडली. "जीभ घसरली माझी," म्हणाली.

मग तुझ्या नेमणुकीच्या तारखेपर्यंत वाचलं. ती मान हलवत होती. पुढं होतं, मी लेख पुस्तकातून काढतोय. तिथं मी थांबले. ती कान पुढं करून बसली होती. म्हणाली, "मंग? निकाल काय लागला?"

दादा, मला नाही जमलं. नोव्हेंबरपासून ती या एका गोष्टीची वाट बघतेय. तू कितीही मोठा प्रोफेसर झालास तरी तिच्या लेखी तुझा पेपर अजून तपासायचाच आहे. तिला काय सांगू, की तू चाळीस वर्षांनी स्वतःच स्वतःला नापास केलंस, आणि तेही तिनं पुरवलेल्या उत्तरांमुळं? मी वाचलं, "आत्याला सांग, लेख पहिल्या पानावर छापला. सगळ्यांनी वाहवा केली. हर्षलालाही पटलं." तू लिहिलं नव्हतंस असं बरंच काही वाचलं. शालही दिली तुला, सभेत.

ती म्हणाली, "बरं झालं." मला वाटलं सुटले. भात टाकायला आत गेले.

दुपारी तिला ताट वाढलं तेव्हा म्हणाली, "आवडे, मगाशी शेवटाचं वाचताना तू कागदाकडं बगत नव्हतीस."

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. ती थोडा वेळ जेवली. मग म्हणाली, "नापास झाला ना? होऊ दे. तू आता परत खोटं वाचू नको, मला समजतं. त्याला फकस्त इचार, हितं येतो का दोन दिवस. तिकडं त्याला धड कोन जेवू घालतं का?"

तर आई विचारते आहे. काय सांगू ते कळव.

तुझी,
आवडी